मीटरवर शेजारचा फ्रीजर

आपेनिसा,

मी सकाळच्या बसने सावुसावूला जाते आहे, विजेची पाहणी करून गेलेल्या बाईंना गाठायला. पातेल्यात मासे आहेत. कोंबड्यांना खोबरं घाल.

आपल्याला वीज किती लागते ते मोजायला त्यांनी आठ दिवस आपल्या जनरेटरवर मीटर लावलं होतं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारची मेरेओनी दारात आली. "वहिनी, आमचा जनरेटर बसला. तुझं मीटर उपाशी दिसतंय, त्याला माझा फ्रीजर खायला घाल की!" मागायला आलेल्याला नाही म्हणायची आपली रीत नाही. मग तिची जाऊ इस्त्री घेऊन आली. चर्चच्या गायकांनी तर दोन दिवस स्पीकर लावले, आणि सूर तरीही लागला नाही. समुद्रावरून आल्यावर तू विचारलंस, "कोणी आलं होतं?" मी म्हटलं, "कोण येणार?"

म्हणून आपली गरज तिप्पट दिसली. सोलर पॅनेलनी भागणार नाही, ओढ्यावर बांध घालून वीज करा, असं बाईंनी लिहिलं. बांध झाला की आईंची अळूची खाचरं पाण्याखाली जाणार. कागद उद्या पुढे जातील, म्हणून आजच जाऊन त्यांना खरं सांगते.

मेरेओनीला बोल लावू नकोस. तिने फक्त मागितलं, लपवलं मी.

काल तू समुद्रावर असताना आईंनी अळू उपटायला घेतलं. "घराला उजेड हवा ना, सूनबाई," एवढंच म्हणाल्या. तेव्हाच सांगता आलं असतं. मी टोपली धरून उभी राहिले.

लितियाना