बाराव्या दिवशीची मंगलाष्टकं

लेस्टर, २ नोव्हेंबर २००५

प्रिय पल्लवी,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला बसलोय. दोनदा फाडलं. मध्ये चहा केला, तोही गार झाला. मी ठणठणीत आहे, कॉलेज चालू आहे, आणि हॉटेलातली भांडी सुटली. कशी सुटली ते आईला सांगितलेलं नाही. आम्हा विद्यार्थ्यांना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, ते सगळे मी शेठच्या मोरीत काढायचो. एकदा त्याने विचारलं, पंचवटीच्या भटजींचा मुलगा ना, मग सत्यनारायण सांगशील? हात इतके सोलले होते की मी कशालाही हो म्हणालो असतो.

हसू नकोस. रामकुंडावर आप्पांच्या शेजारी बसायला नको म्हणून घर डोक्यावर घेणारा तुझा भाऊ शनिवार-रविवार धोतर नेसून लोकांच्या दिवाणखान्यात बसतो. कथा पोथीत बघून वाचतो. लोक पाया पडतात, ते मात्र सहन होत नाही.

गेल्या वर्षी सावित्रीबाईंनी बोलावलं. मूळच्या सिन्नरच्या, इथे चाळीस वर्षं नर्स. नवरा गेला, मूलबाळ नाही. बाराव्याचा विधी करायचा होता. नाही म्हणणार होतो, पण बाई एकट्याच दारात उभ्या होत्या. संकल्प नीट सांगितला आणि पुढचं काही आठवेना. पल्ले, लांबलचक असं मला एकच पाठ होतं, लहानपणी आप्पांबरोबर लग्नांत म्हटलेली मंगलाष्टकं. तीच म्हटली. चाल मोडून, भराभर, ‘सावधान’ तेवढं गिळून. नवऱ्याच्या पिंडासमोर! बाई डोळे मिटून बसल्या होत्या. उठताना म्हणाल्या, “बरं झालं हो, आपलं माणूस मिळालं.” त्यांना कळलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. परीक्षेतसुद्धा मध्येच आठवतं आणि पेन थांबतं.

आप्पा दोन वर्षांत माझ्या फोनवर आले नाहीत. घंटा वाजली की तुळशीला पाणी घालायला उठतात म्हणे. त्यांचं चुकत नाही. निघताना मी काय बोललो ते तू ऐकलंस, मेलेल्यांच्या नावावर मी पोट भरणार नाही म्हणून. आज त्याची लाज वाटते.

परवा सावित्रीबाईंचा फोन आला. एकोणीस तारखेला वर्षश्राद्ध आहे, तुम्हीच या म्हणाल्या. मंगलाष्टकांचं मी त्यांना उद्या जाऊन सांगणार आहे. मग त्यांनी दारातून हाकललं तर हाकललं. पण तरीही या म्हणाल्या, तर त्या शनिवारी तुमच्याकडे दुपारी साडेतीनला मी फोन लावीन आणि इथे स्पीकरवर ठेवीन. विधी आप्पांनी सांगावा, मी नुसतं पुढचं-मागचं हाताशी देईन. हे पत्र त्यांना वाचून दाखव, काही गाळू नकोस. म्हणावं, माझ्याशी एक शब्द बोलू नका, पण त्या बाईंशी बोला.

तुझाच,
ज्ञानेश