मागच्या गच्चीवरची खोली

ता. १४, रविवार, सकाळ

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उशिराचं खापर मी गुडघेदुखीवर फोडणार होतो, पण दादा, पत्र गुडघ्याने लिहितोस का, असं तू लगेच विचारशील. तेव्हा ते राहू दे. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या वहिनीचा मोतीबिंदू काढला. आता तिला घरातली सगळी धूळ दिसते, आणि दिसली की ती मला बोलावून दाखवते.

मोठी बातमी म्हणजे आपला रस्ता वाचला. दोन्ही बाजूंची जुनी घरं वारसा यादीत आली आणि ती पाडायला टपलेला बिल्डर हात हलवत परत गेला. कोपऱ्यावर नगरपालिकेने पाटी लावली आहे, तिच्यावरचा मजकूर माझा. शहराच्या गर्दीला कंटाळलेल्या लोकांसाठी हा रस्ता आखला, एकाच कंत्राटदाराने एकाच नकाशावर सगळी घरं बांधली, आणि मग प्रत्येक मालकाने त्यात आपापलं शहाणपण घातलं. दोन दारांचं घर तुला आठवत असेल. त्या दोघा भावांचं भांडण झालं म्हणून त्यांनी समोर दुसरं दार पाडलं, पण स्वयंपाकघर एकच ठेवलं, कारण दोघांच्या बायकांचं छान जमायचं. घड्याळजींच्या गोल खिडकीची गोष्टही आत्ता कळली. त्यांच्या आजोबांना तिथे रस्त्यावरून दिसेल असं मोठं घड्याळ बसवायचं होतं. भिंतीला भोक पाडून झालं, पण घड्याळ काही आलं नाही. शेवटी काच लावून टाकली. आता लोक तिच्याखाली उभे राहून फोटो काढतात.

हे सगळं मी घरोघरी फिरून गोळा केलं. नोकरीत असताना दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढण्यात जन्म गेला, निवृत्त झाल्यावर निदान आपल्या रस्त्याचे काढावेत म्हणून टेप घेऊन निघालो. वहिनी म्हणायची, घरचा गळका नळ दुरुस्त होत नाही आणि चालले लोकांच्या भिंती मोजायला. पण यादीसाठी सगळ्या घरांचे नकाशे लागणार होते, ते मी दिले. कौतुक झालं. मलाही जरा चढलं होतं, खोटं कशाला बोलू.

आता तुझ्या पत्राकडे यायला हवं. भाचीचं तिच्या घरी बस्तान बसलं, तुझं एकटीचं तिथे मन लागत नाही, आणि माझी खोली रिकामी असेल तर कायमची येऊ का, असं तू विचारलंस. माझी खोली. ते वाचलं, पत्राची घडी घालून कपाटात ठेवली, आणि वहिनीला सांगितलं की धाकटी मजेत आहे.

त्या खोलीला सुरुवातीपासून कशाचंच माप नव्हतं. लेकीला कडेवर घेऊन तू परत आलीस तेव्हा बाबांनी तुला काही विचारलं नाही. विटा आणल्या, गवंडी बोलावला आणि त्याच्याबरोबर स्वतः मागच्या गच्चीवर उभे राहिले. खिडकी कुठल्याशा पाडलेल्या शाळेची होती, दार भलत्याच उंचीचं. मी नुकताच नोकरीला लागलेला, अंगात भारी हुशारी. म्हटलं, बाबा, आधी नकाशा काढून देतो, घराला शोभेल असं काहीतरी करू. ते म्हणाले, "नकाशाबिकाशा राहू दे. पोरीला दार लावून झोपता आलं पाहिजे."

आमच्या धंद्यात मूळ बांधकाम भरीव रेषेने दाखवतात आणि नंतर वाढवलेला भाग तुटक रेषेने. या कामात तुटक रेषेशेजारी तो भाग कुणी, कधी, कशासाठी वाढवला तेही लिहायचं होतं. दोन दारांसाठी मी जवळजवळ पानभर लिहिलं. गोल खिडकीसाठीही बरंच. आपल्या खोलीशेजारी मात्र 'नंतरची भर' एवढंच लिहिलं आणि पुढच्या घराकडे वळलो. खरं लिहायचं तर लिहावं लागलं असतं, की या घरची मुलगी नवऱ्याला सोडून आली, तिच्यासाठी वडिलांनी ही खोली बांधली. ते छापून येणार, सगळा रस्ता वाचणार. तुझी चारचौघांत चर्चा नको म्हणून गाळलं, अशी मी माझी समजूत घातली. पण लाज मला वाटत होती, धाकटे. बाबांना एक दिवस वाटली नाही ती मला या वयात वाटली.

यादीत यायचं तर घर मूळ रूपात आणायचं, आणि ज्या भरीला काही इतिहास नाही ती काढून टाकायची, अशी अट होती. तुझं पत्र आलं तेव्हा खोली उभी होती. त्याच दिवशी नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन खरं सांगता आलं असतं. पण नकाशा मागे घेतला तर घरच यादीतून जाईल या भीतीने मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. मग मजूर आले.

काम झाल्यावर कचेरीतली मुलगी तपासणीला आली. भाचीच्याच वयाची असेल. मोकळ्या गच्चीकडे बघत तिने सहज विचारलं, "काका, इथे राहायचं कोण?" आणि मी सगळं सांगितलं. परक्या माणसाला पहिल्यांदाच.

तिने हातातला माझा नकाशा उघडून पाहिला. मग म्हणाली, "हे नकाशावर लिहिलं असतंत तर खोली राहिली असती. दोन दारं राहिली ना, तशीच."

तिचे साहेब मात्र खूश होते. घर अगदी जसं होतं तसं झालं, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. झालं खरं. तू परत आली नव्हतीस तेव्हा होतं तसं.

काल वहिनीला तुझं पत्र वाचून दाखवलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आमची झोपायची खोली तिने तुझ्यासाठी रिकामी करायला घेतली आहे, आणि माझी गादी दिवाणखान्यात टाकली आहे. ठीकच केलं.

ये म्हणायचं तोंड मला उरलेलं नाही. तरी ये. विचारून मात्र येऊ नकोस. या घरात यायला तुला विचारावं लागलं, तिथेच मी कमी पडलो.

तुझ्या घरात राहणारा,
दादा