लेफ्ट आऊटची जागा

उस्ताद, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. हे मला गेल्या मंगळवारी कळलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता भांडायचं तरी कोणाशी? म्हणून कागदावर भांडतो आहे.

पनागरवाला घरी आला होता. तोच, ज्याला तुम्ही माझ्याऐवजी फॅक्टरीच्या फुटबॉल टीममध्ये घेतलं. आता काठी टेकत चालतो. नातवाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला आणि चहा पिता पिता सहज म्हणाला, "भैया, उस्तादजी ने मुझे बाद में बता दिया था। ट्रायल में पहला नंबर तो आपका था। बोले, उसको ले लेता तो मेरी लेथ कौन चलाता?" त्याला वाटलं, मला हे केव्हाचंच माहीत असणार. मी हसलो, बिस्किटांची बशी पुढे सरकवली, आणि तो फाटकाबाहेर पडल्यावर कप असा आपटला की त्याचा कानच तुटला. बायको विचारते, काय झालं? काय सांगू तिला? म्हातारपणी कोणी फुटबॉलसाठी कप फोडतं का?

ते लढाईचं वर्ष होतं. फॅक्टरीतल्या मशीन शॉपच्या काचांना काळा कागद, बारा-बारा तासांची ड्यूटी, आणि तोफगोळ्यांची कवचं लेथवर एकामागून एक चढताहेत. तुम्ही आमच्या शॉपचे चार्जमन, आणि टीमचेही सर्वेसर्वा. टीमचा लेफ्ट आऊट फौजेत भरती होऊन निघून गेला होता. आपला सेंटर हाफ डावीकडे असे लांब चेंडू द्यायचा की पाहत राहावं, पण ते घ्यायला तिथे कोणी नाही. चेंडू सरळ मैदानाबाहेर. दुसऱ्या फॅक्टरीशी मॅच पंधरा दिवसांवर आलेली. कॅन्टीनमध्ये तुम्ही आणि टीमचा सेक्रेटरी डोकं लावून बसलात, मी शेजारच्या टेबलावर डाळभात खातोय, पण जीव सगळा कानात. "नवीन भरतीतला तो पनागरचा उंच आहे, पण डावा पाय लाकडासारखा," तुम्ही म्हणता. "रांझीवाला चेंडू छान थांबवतो, दम नाही त्याच्यात. अन् आपला हा आहे. चलो, पाहू." आपला हा म्हणजे मी.

रविवारी ट्रायल झाली. स्टॉपवॉच एकच, तेच तुमचं, ज्यावर तुम्ही शॉपमध्ये एकेका जॉबचा वेळ मोजायचात. म्हणून तिघांना एकेकटं पळवलंत, मला शेवटी; आधीच्या दोघांच्या वेळा तुम्ही मोठ्याने वाचल्यात. मधल्या रेषेवरून सुटायचं, कोपऱ्याकडे धावत जायचं आणि मागून आलेला चेंडू पायात घ्यायचा. माझे तिन्ही चेंडू पायाला चिकटून राहिले. मी धापा टाकत तुमच्यापाशी आलो. तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "बेटा, हात तुझे सोन्याचे आहेत, पण पायात वेग नाही. काहून तोंड पाडून राहिला? तू लेथ सांभाळ." पोरं फिदीफिदी हसली.

खरं सांगितलं असतं तर काय बिघडणार होतं? नुसतं म्हणायचं होतं, लढाई सुरू आहे, तुला प्रॅक्टिसला सोडता येत नाही. मी मुकाट्याने लेथवर उभा राहिलो असतो. त्या वर्षी कोण नाही म्हणालं असतं? पण तुम्ही मशीन वाचवायला माझे पाय काढून घेतलेत. टूलला धार कशी लावायची ते तुम्हीच माझं मनगट धरून शिकवलंत, डब्यातली अर्धी पोळी रोज माझ्यापुढे ठेवलीत. ते विसरलो नाही, म्हणूनच चीड जास्त येते. परक्याने असं सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडावर हसलो असतो. तुमचं मात्र मी वेदवाक्य मानलं. त्यानंतर चेंडूला पाय लावला नाही.

आणि तेवढ्यावर भागलं नाही. मुलगी सातवीत असताना शाळेच्या रिले टीमसाठी नाव देऊ का म्हणून विचारायला आली, तर मी तिला म्हणालो, आपल्या घराण्याच्या पायात वेग नाही, अभ्यास कर. तुमचंच वाक्य, उस्ताद, जसंच्या तसं. मंगळवारी संध्याकाळी तिला फोन केला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अब क्या बाबा? आता तर जिना चढतानाही गुडघे दुखून राहिले माझे." हसली. मला हसू आलं नाही. याचं उत्तर द्या मला.

तुम्ही देणार नाही, आणि हा कागद कुठे टाकायचाही नाही. पण एक गोष्ट मी पनागरवाल्याला सांगितली नाही, मुलीलाही नाही. त्या दिवशी पोरं हसत होती, तेव्हा तुम्ही घड्याळ माझ्यापुढे धरलं होतं. "पाहून घे," म्हणाला होतात. तुमचा हात बराच वेळ तसाच होता. काटा अजून थांबलेला होता. मान खाली घातली असती तर माझी वेळ दोघांपेक्षा कमी आहे हे दिसलं असतं. मी तुमच्या खांद्यावरून पलीकडे पाहत राहिलो. पंधरा दिवसांनी सगळी फॅक्टरी मैदानाभोवती उभी असणार होती, सेंटर हाफचा चेंडू माझ्याकडे येणार होता, आणि तो माझ्या पायातून निसटणार याची मला खात्री होती. "ठीक आहे, उस्ताद," असं मी म्हणालो, आणि मला हायसं वाटलं.