पुसलेली नावं परत आली

सोमवार, ९ मार्च

उतावळेपणा नडणार बहुतेक. दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरून एका पेशंटची जुनी फाइल चुकून डिलीट झाली होती. डॉक्टर म्हणाले, "मागच्या वर्षीच्या बॅकअपमधून तेवढी काढून दे." बॅकअप आधी वेगळ्या, रिकाम्या डेटाबेसमध्ये उघडायचा आणि हवी ती फाइल उचलायची — नवशिक्यालाही कळतं. मला घरी जायची घाई! सरळ चालू डेटाबेसवरच अख्खा बॅकअप रिस्टोअर मारला. स्क्रीनवर धडाधड एररच्या लाल ओळी. म्हटलं, असू दे. फाइल तर मिळाली!

मंगळवार, १० मार्च

मेलो! ज्यांची नोंद आधीच होती, त्यांची पुन्हा घेता येईना म्हणून त्या लाल ओळी होत्या. ज्यांची पुसलेली होती, ते सगळे गुपचूप आत येऊन बसले. वारलेल्या पेशंटची नावं काउंटरवरच्या ताई काढून टाकतात. वर्षभराची ती सगळी नावं परत आली. आणि सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच कॉम्प्युटरने आपणहून मेसेज धाडले — "तुमची डोळ्यांची तपासणी राहिली आहे. कृपया लवकर या."

दिवसभर फोन. ताई एकेकाची माफी मागत होत्या. एक आजोबा बायकोचा मोबाइल घेऊन थेट आलेच. "तिला बोलावलंय तुम्ही," म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ताईंनी त्यांना पाणी दिलं, शेजारी बसून राहिल्या. आणि मी? सर्व्हरच्या खोलीत, दार लावून.

बुधवार, ११ मार्च

डॉक्टर ताईंवर घसरले, सगळ्यांसमोर. "नावं काढायचं काम तुमचं ना? एवढंही जमत नसेल तर घरी बसा!"

"मी काढली होती, सर," एवढंच म्हणाल्या.

मी तिथेच होतो. दुपारी वर ताई मलाच विचारतात, "अरे, डबा खाल्लास का?" शरम वाटते स्वतःची. नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो — त्यांची गेली तरी चाललं असतं मला?

गुरुवार, १२ मार्च

सांगून टाकलं. डॉक्टरांनी यथेच्छ झापलं, मग बाहेर जाऊन ताईंची माफी मागितली. मला म्हणाले, "उद्या एकट्याने बसून एकूण एक नाव काढ." नोकरी वाचली.

ताई म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस." वाटलं, सुटलो एकदाचा!

शुक्रवार, १३ मार्च

पुसायला बसलो. एका नावापुढचा मोबाइल नंबर ओळखीचा निघाला. ताईंचा. नाव त्यांच्या मिस्टरांचं — सप्टेंबरात गेले. तेव्हा यादीतून ते नाव ताईंनीच काढलं असणार. म्हणजे मंगळवारी तो मेसेज त्यांनाही आला होता. तो वाचून त्या कामावर आल्या, आणि दिवसभर लोकांची समजूत घालत बसल्या.

बाकी सगळी नावं काढली. त्या एका नावावर हात जाईना. ताई बाहेर काउंटरवर आहेत. हे नाव काढू का, कोणत्या तोंडाने विचारू?