दोनशे सोळा अंडी आणि लाइन

१७ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा गेली लाइन! सकाळपासून ही चौथी वेळ. जाते ती जाते, पण येतानाही धड येत नाही — आधी बल्ब निखाऱ्यासारखा लाल, मग एकदम डोळे दिपवणारा. अंडी उबवायच्या मशीनवरचा आकडा ३७.७ वरून ३६ वर उतरला होता. दोन गोधड्या काढल्या आणि गुंडाळल्या मशीनला. बाळंतिणीची करावी तशी सरबराई चालली आहे त्या पेटीची.

बचत गटाच्या ट्रेनिंगमध्ये बाई म्हणाल्या होत्या, "वीजपुरवठा अखंड ठेवा." त्या बाईंना एकदा पिंपळगाव राजाच्या पुढे आमच्या गावात आणून आठवडाभर ठेवायला हवं.

आज सातवा दिवस, म्हणून खोलीत अंधार करून एकेक अंडं टॉर्चवर धरलं. दोनशे चाळिसांपैकी दोनशे सोळांत जीव आहे. केसाएवढ्या लाल शिरा दिसतात. अकरा बायकांची अंडी, प्रत्येकीवर पेन्सिलीनं खूण. सगळ्यांत जास्त 'बे' — बेबीताईची. तिच्या कोंबड्या हिवाळ्यात मानमोडीच्या रोगानं मेल्या, तीनच उरल्या. त्या तिघींचं अंडं न् अंडं तिनं माझ्याकडे आणून दिलं. "पोट्ट्यायले येक चाखू नाही देल्लं म्या. सांभाळजो वं माय." आता सांभाळू कशी? लाइन काय माझ्या पदराला बांधली आहे?

१९ फेब्रुवारी

आमचा नवरोबा दीपक खामगावहून स्टॅबिलायझर घेऊन आला. ऐटीत भिंतीवर ठोकला. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं, आणि हा पठ्ठ्या टक् करून मशीनच बंद करतो. म्हणजे मशीन वाचवायचं आणि आतली अंडी गार पाडायची. दीपक म्हणतो, "त्याचं कामच थे हाय." खरं आहे. पण व्होल्टेज बसवण्यात पहिला नंबर याच्याच मोटारीचा. स्टार्टरला ऑटो लावून ठेवलाय, लाइन आली की आपोआप सुरू. ऑटो काढ म्हटलं तर म्हणाला, "मंग रोज वावरात बटन दाबाले तू जाशीन काय?"

रात्री त्याचं ताट वाढून ठेवलं आणि मी मशीनपाशी जाऊन बसले.

२१ फेब्रुवारी

आता इन्व्हर्टरही आणला. तीन तास चालला. बॅटरी चार्ज व्हायलाही लाइनच लागते, हे आधी कुणी का सांगत नाही?

२३ फेब्रुवारी, रविवार

लाइनमन राजकुमार चौथ्या फोनला उगवला. घरासमोरच्या पोलवर आमच्या घराची वायर जिथे जोडली आहे, तिथे ठिणग्या पडतात. वर चढला, वायरीला पिळा मारला, उतरला. म्हटलं, हे किती दिवस टिकणार? "आत्ता काम चालू करून देतो वहिनी, पक्कं मंग करू." मग म्हणजे कधी? "काऊन तापून राह्यल्या? सात गावं हायेत माह्याकडं, अन् मी एकटा."

म्हटलं, हे अंड्यांना समजावून सांग. हसला. मला त्या हसण्याचाच जास्त राग आला. चहा विचारला नाही, प्यायला पाणीही दिलं नाही.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. लाइन दिवसभर होती. विश्वास बसत नाही म्हणून लिहून ठेवते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

जळला पिळा! दुपारी फाडकन आवाज, पोलवर धूर, आणि वायर तुटून लोंबायला लागली. अंधार फक्त आमच्या घरात. समोर बेबीताईकडे पंखा गरगर फिरतोय, टीव्ही चालू आहे. आज अठरावा दिवस, शेवटचे तीन दिवस सगळ्यांत नाजूक, आणि आजच!

राजकुमारला फोन. "वहिनी, इकडं डीपी जळला हाय, अख्खं गाव बंद हाय. उद्या येतो." तिकडचा ट्रान्सफॉर्मर जळला, अख्खं गाव अंधारात, त्याचं मला काय! सरळ वरच्या ऑफिसला तक्रार केली. नाव घालून केली — कामचुकार, उद्धट, फोन उचलत नाही. शेवटचं खोटं आहे, फोन तो उचलतो. पण मला काही सुचत नव्हतं. इन्व्हर्टर केव्हाच संपला होता, अंडी हाताला गार लागत होती आणि मी रडत होते.

दीपकनं मात्र धावपळ केली. मंडपवाल्याचा जनरेटर आणला, अंगणात ठेवला. दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर — एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये. सगळं घर उजळलं! मंडपवाला जाताना दोनदा म्हणाला, "मेन बंदच ठेवजा बरं वहिनी." मीटरजवळचा मोठा खटका दीपकनं त्याच्यासमोर खाली ओढला. जनरेटर धडधडतोय, घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. पण आकडा ३७.५.

१ मार्च, शनिवार, सकाळी

दीपक वावरात गेला. पेट्रोल संपत आलंय, म्हणून सारखं मनात येतं, लाइन आली की लगेच जनरेटर बंद करावा. पण मेन बंद असला तर लाइन आलेली मला कळणार कशी? मंडपवाल्याला त्याच्या जनरेटरची काळजी, माझ्या अंड्यांची थोडीच! केला मेन चालू. काही बिघडलं नाही. उलट आकडा एकदम बरोबर, ३७.६. मंडळींना उगाच भीती घालायची सवय असते.

एका अंड्याला कान लावला. आत टकटक ऐकू आली. खरंच!

२ मार्च

पहिलं पिल्लू निघालं. बेबीताईचं. ती पदर तोंडाला लावून रडली.

राजकुमार बुलढाण्याच्या दवाखान्यात आहे. उजवा हात कोपरापर्यंत जळाला, कंबर मोडली. जीव वाचला, पण पुन्हा पोलवर चढणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या तक्रारीनंतर त्याला काल आधी आमच्याकडेच पाठवलं होतं. त्यानं आमच्या गावचा डीपी बंद केला, वर चढला आणि आमच्या घराकडची लोंबती वायर हातात घेतली. जनरेटरच्या धडधडीत मला त्याची मोटारसायकलसुद्धा ऐकू आली नाही. धप्पकन पडला ते तेवढं ऐकलं.

सगळे म्हणतात, डीपी नीट बंद केला नसेल, घाई केली, त्याचीच चूक. ऑफिसच्या माणसांनीही तसंच लिहून नेलं. डीपी बंद होता. जनरेटरचा करंट माझ्या स्वयंपाकघरातून मेनमधून त्या वायरीत गेला. मेन चालू होता. लोक धावत आत येण्याआधी तो मी खाली ओढला.