तीन पंप आणि वीतभर नळी

मी, खाली सही करणारी, वय पूर्ण सव्वीस, धंदा ठराविक नाही, राहण्याचे ठिकाण त्याहून ठराविक नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. घरात मला भिंगरी म्हणतात. ज्यांच्या हाती हा कागद पडेल त्यांना तेवढे नाव पुरे. मला ताप नाही, मी काही प्यायलेली नाही, कोणी डोक्यावर बसून लिहून घेत नाही. चिडलेली आहे. पण चिडणे म्हणजे वेड नव्हे असे ताई म्हणाली, आणि ती वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करते. आत्ताही शेजारी बसून माझ्या वेलांट्या दुरुस्त करते आहे.

एवढ्यात मृत्युपत्र कशाला, तर उद्या सकाळी मी मामाची जुनी गाडी घेऊन घाट चढणार आहे, आणि त्या गाडीवर कोणाचाच विश्वास उरलेला नाही. माझाही सकाळी असतो, दुपारी नसतो. शिवाय मामाने ती मला तोंडी दिली. तो गेला आणि मामेभाऊ म्हणाला, कागद दाखव. कागद नव्हता. गाडी दोन वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली आणि आम्ही भांडत राहिलो. शेवटी मामीनेच वैतागून किल्ली माझ्या अंगावर फेकली. म्हणून आता कागद.

कलम १. माझे कपडे, पांघरूण, पाठीवरची पिशवी आणि बँकेत जे काय असेल ते ताईला. कपडे ती घालणार नाही, पण फेकणारही नाही.

कलम २. मामाची पान्यांची पेटी मामेभावाला. त्यात अर्ध्या इंचाचा पाना नाही. पंपाच्या बोल्टांना नेमका तोच लागतो. तो कुठे गेला हे मला कोणी विचारू नये.

कलम ३. हे वाटपाचे नाही, पण हे वाचल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

गाडी सकाळी एका किल्लीत सुरू होते. दोन-तीन किलोमीटर गुणी बाळासारखी चालते. चढ लागला की खोकते, आचके देते आणि मरते. पाव तास थांबा, पुन्हा जिवंत. मी कार्ब्युरेटर तीनदा उघडला, प्लग घासले, फिल्टर बदलला, येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या. मग इथल्या मिस्त्रींच्या गॅरेजात आणली. त्यांनी कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप सोडवून बाटलीत धरला आणि मला स्टार्टर मारायला सांगितले. पेट्रोलची धार उडायला हवी होती. आला तो फेस, साबणाच्या पाण्यासारखा. ते म्हणाले, एक तर टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या पंपातला रबरी पडदा गेलाय, नाहीतर कुठून तरी हवा ओढतोय. मग विचारले, "मागं टाकीकडं कुणी हात घातलाय का?"

मी म्हणाले, "नाही."

किती सहज म्हणाले ते आठवले की अजून कान गरम होतात.

नवा पंप बसला. गाडी दुसऱ्याच वळणावर मेली. मी ती उतारावर सोडून तशीच परत आणली आणि गॅरेजात चार गिऱ्हाइके उभी असताना म्हणाले, की हा पंप नवा नाहीच, जुना घासून लावलाय आणि माझा चांगला काढून ठेवलाय. चोर हा शब्दही वापरला. एक गिऱ्हाईक आपली किल्ली परत घेऊन निघून गेले. मिस्त्रींनी माझा जुना पंप फडक्यात गुंडाळून हातात दिला. त्याला अकरा दिवस झाले. तेव्हापासून माझ्याशी अक्षर बोललेले नाहीत.

मी हट्टाने भंगारातून तिसरा पंप आणला आणि रस्त्याच्या कडेला स्वतः बसवायला घेतला. पंपाची दांडी इंजिनातल्या कॅमच्या फिरत्या उंचवट्यावर टेकायला हवी. माझी खाली घुसली. मी बोल्ट आवळत गेले, कडकन आवाज आला आणि पंपाचा बोल्ट बसायचा कान तुटला. मग मुकाट्याने मिस्त्रींचाच परत लावायला घेतला, तर एक बोल्ट घरंगळत पार मागच्या चाकाशी. त्याच्यामागे गाडीखाली सरपटत गेले, उताणी झाले आणि समोर ती नळी.

टाकीजवळ वीतभर पारदर्शक नळी. ती मीच टाकली होती, गेल्या वर्षी, दुसऱ्या एका गावात. मूळचा पाइप फाटला होता आणि लॉजमालकाकडे माशांच्या पेटीची हवेची नळी उरली होती. (मासे देखणे होते. एकाला एकच डोळा होता, तो सारखा उजवीकडेच वळायचा. असो.) पेट्रोलने ती पिवळी पडून हाडासारखी कडक झाली होती आणि टोकाला बारीक चिरा गेल्या होत्या. बाहेर एक थेंब नाही. पेट्रोल बाहेर येतच नव्हते, पंपाने ओढले की हवा आत जात होती. म्हणून कोणाला दिसले नाही, आणि जिला माहीत होते ती "नाही" म्हणून मोकळी झाली. मी खोटे बोलले नाही, विसरले. मिस्त्रींना त्याने काय फरक पडतो?

कलम ४. मी मिस्त्रींना चोर म्हणाले ते खोटे आहे. माझ्या मृत्यूनंतर हे कलम गॅरेजात, गिऱ्हाइके असताना, मोठ्याने वाचावे. ताईने वाचावे, तिचा आवाज चांगला आहे.

कलम ५. गाडी, धडक्या-फुटक्या तिन्ही पंपांसह, मिस्त्रींना. त्यांना नको असली तरी.

पुरवणी. इथवर लिहून झाल्यावर ताई म्हणाली, दोन साक्षीदार लागतात. आम्ही गॅरेजसमोरच्या टायरवाल्याच्या बाकावर बसलो होतो, तो लगेच तयार झाला. दुसरा आणतो म्हणाला आणि मला न विचारता कागद घेऊन सरळ मिस्त्रींकडे गेला. मी धावले, पण दारापर्यंतच.

मिस्त्रींनी चष्मा लावून सगळे वाचले, माशांसकट. मग कागदाकडेच बघत म्हणाले, "म्हणजे मेल्यावर माफी मागणार. मी साठीचा, तू सव्वीसची. मी कुठवर थांबू?"

टायरवाला हसला. मला हसू आले नाही. आत तीन गिऱ्हाइके होती. मी आत जाऊन मिस्त्रींच्या हातातून कागद घेतला आणि कलम ४ स्वतः वाचले, मोठ्याने. आवाज मध्येच फाटला. एका गिऱ्हाइकाने विचारले, कोण गेलं?

मिस्त्रींनी पेन मागितले. तोवर ताई मागोमाग आली होती. ती म्हणाली, "काका, थांबा. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. म्हणून तर मी सही करत नाहीये. तुम्ही केलीत तर गाडी हातची जाईल."

"म्हणूनच करतोय," मिस्त्री म्हणाले. "असलं लोढणं माझ्या गळ्यात कशाला?" आणि मग, अकरा दिवसांनी, माझ्याकडे बघून, "ती नळी काढून आण. मापाला लागेल."

सबब कलम ४ ची अंमलबजावणी लिहिणारीच्या हयातीत झाली आहे. कलम ५ मी माझ्या हाताने खोडले आहे. गाडी तूर्त कोणालाच दिलेली नाही, कारण ती मी चालवणार आहे. घाटापलीकडून परत आले की हे कलम नव्याने लिहीन.

ठिकाण: गॅरेज, मागचे टेबल. तारीख: १४, गुरुवार, दुपार.

सही: भिंगरी

साक्षीदार पहिला: समोरचा टायरवाला

साक्षीदार दुसरा: गॅरेजवाले मिस्त्री. माझ्यासमोर सही केली. नळी नवीन टाकली. घाटात दुसऱ्या गियरनं चढ, घाई करू नको.