अकरा वेळा पाहिलं

गुरुवार, ६ फेब्रुवारी

प्रिय घड्याळताई,

नमस्कार. पत्राची सुरुवात तब्येतीच्या चौकशीने करावी म्हणतात, तर तुम्ही कशा आहात? आम्ही दोघं बरे आहोत. हिची धावपळ नेहमीसारखीच. माझे गुडघे तेवढे कुरकुरतात, म्हणून मी फारसा बाहेर पडत नाही. वयाचं दुखणं, त्याला काय करणार.

खरं तर फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्ही मध्येच गप्प बसता आणि मग समोरचा नको ते बोलून जातो. पत्रात कसं, आपण आपलं बोलत सुटायचं.

तुमच्याशिवाय आपल्या फिरत्या वहीत राम उरलेला नाही. सात वर्षं वही सगळ्यांकडे फिरून शेवटी तुमच्याकडे यायची. मी काहीतरी खरडायचं आणि खाली तुमचा शेरा यायचा: 'पाहिलं', तारीख, वेळ, आणि वर माझी एखादी चूक काढलेली. चष्मेवाल्यांनी पहिल्या पानावर नियम लिहिले तेव्हा मी हसलो होतो. पुस्तकातलं चालणार नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं हवं. बाकी सहा जणांनी करून बघायचं आणि 'पाहिलं' किंवा 'नाही दिसलं' लिहायचं. वाद झालाच तर दोघांनी एका जागी उभं राहून एकत्र बघायचं. म्हटलं, सात रिकामटेकडे आणि थाट विद्यापीठाचा! पण त्या वहीने माझे दिवस गोड केले, हे मात्र खरं.

बरं, ताजा माल देतो. कपात गरम पाणी घ्या, कॉफीची पूड टाकून ढवळा आणि लगेच चमच्याने कपाच्या बुडाशी आतून टकटक करत राहा. आवाज आधी जाड येतो आणि हळूहळू बारीक होत जातो. मी हे सलग पाच कप केलं. ही म्हणाली, "आता गाणंच प्या, कॉफी संपली." दुसरं, डोळे मिटून नळाखाली भांडं धरा. पडतंय ते पाणी गार की गरम, हे हात न लावता नुसत्या कानाला कळतं. हिने माझी वीस वेळा परीक्षा घेतली, अठरा वेळा मी पास. तिसरं म्हणजे, दुपारी आमच्या खोलीच्या जाड पडद्याला पडलेल्या भोकातून समोरच्या भिंतीवर अख्खा रस्ता उमटतो, पण उलटा. माणसं पाय वर करून चालतात. मी तासन्‌तास बघत बसतो. हल्ली रस्त्याची आणि माझी गाठ तेवढीच. हे शेवटचं वाक्य खोडायला हवं होतं, पण राहू दे.

आता मुद्द्याचं. म्हणजे तसं मुद्द्याचं काही नाही. मागच्या आठवड्यात ही तिच्या बहिणीचं नखाएवढं घड्याळ घेऊन तुमच्या दुकानात आली होती. तुम्ही म्हणालात म्हणे, "बारीक कामं आता घेत नाही. डोळ्यांचा भरवसा राहिला नाही." ही ते सांगून स्वयंपाकाला लागली. मला जेवण गेलं नाही. तुमच्या डोळ्यांचा भरवसा? माझ्या घड्याळातल्या केसाहून बारीक स्प्रिंगचा वाकडा पीळ भिंग न लावता ओळखणाऱ्या तुम्ही?

त्या किल्लीच्या नोंदीचं मनाला लावून घेऊ नका. 'डोळे तपासून घ्या, तुम्हाला फुकट' असं चष्मेवाल्यांनी वहीत लिहिलं ते गमतीत. बेकरीवाल्यांनी त्यावर कडी केली, तीही गमतीतच. पाच जणांना दिसलं आणि एकीला नाही, एवढंच तर झालं! किल्ली झुकली काय अन् न झुकली काय, कुणाचं घोडं अडलंय? वही सध्या माझ्याकडे आहे. तुमचं पान कोरं ठेवलंय. परत या आणि आमच्या चुका काढा.

हिचा नमस्कार.

आपला,
लिफ्टवाला


गुरुवार, १३ फेब्रुवारी

लिफ्टवाले भाऊ, नमस्कार.

पत्र पोचलं. कॉफी करून पाहिली, बरोबर आहे. नळाचंही बरोबर. पडद्याला भोक पाडू द्यायला भाचा तयार नाही.

चष्मेवाल्यांवर राग नाही. राग आला असता तर सोपं होतं. तुम्ही लिहिलंत की लिफ्ट खाली जायला सुटते त्या क्षणी बोटाला टांगलेली किल्ली दाराकडे झुकते. मी बाजारातल्या सहा मजली इमारतीत अकरा वेळा उतरले. अकराही वेळा किल्ली सरळ. तुमचा जन्म लिफ्टमध्ये गेला. तुम्हाला दिसतं, पाच जणांना दिसतं, मग खोट कुठे आहे हे सांगायला ज्योतिषी नको. दवाखान्यात डोळे ठीक आहेत म्हणाले. पण तक्त्यावरची अक्षरं वाचणं निराळं आणि बारीक हालचाल टिपणं निराळं. माझं काम सगळं हालचालीचं. कुणाचं चांगलं घड्याळ बिघडवून ठेवण्यापेक्षा मार्चअखेर दुकान भाच्याला देते आहे.

त्याआधी एकदा नियमाप्रमाणे बघू. रविवारी, २३ तारखेला, सकाळी दहाला तुमच्या इमारतीत येते. तुम्ही लिफ्टमध्ये माझ्या शेजारी उभं राहून बोट दाखवा. तेव्हाही दिसलं नाही, तर मनातली शंका तरी फिटेल. तुमच्यावर माझा विश्वास आहे.

घड्याळवाली


सोमवार, १७ फेब्रुवारी

घड्याळताई,

किल्ली झुकत नाही. मी ते कधीही पाहिलेलं नाही. या टेबलाशी बसून मनाने रचलं आणि वहीत लिहिलं.

नमस्कार आधी करायचा राहिला, तो आता करतो. हे वाक्य शेवटाला ठेवलं असतं तर मी शेवटापर्यंत पोचलोच नसतो. मागच्या पत्रात तेच झालं. कॉफी, नळ, पडदा, सगळ्या गल्ल्या फिरलो आणि घर चुकवलं.

दोन वर्षं आणि चार महिने झाले, मी लिफ्टमध्ये पाय ठेवलेला नाही. माझे गुडघे ठणठणीत आहेत. एका जुन्या इमारतीत लिफ्टच्या दुरुस्तीचं काम आटोपून मी सहाव्या मजल्यावरून एकटा खाली निघालो. चौथ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये वीज गेली आणि लिफ्ट थांबली. आतली धोक्याची घंटा वाजली नाही. ती बिघडली आहे हे मला आधीच्या फेरीत कळलं होतं आणि 'पुढच्या खेपेला बघू' असं मीच लिहून ठेवलं होतं. सुट्टीचा दिवस, इमारत रिकामी, फोन वर हत्यारांच्या पिशवीत राहिलेला. पाच तास दहा मिनिटं.

ताई, चाळीस वर्षं मी अडकलेल्या लोकांना दाराबाहेरून सांगत आलो, "घाबरू नका, आत हवा भरपूर असते, दोर तुटत नसतो, शांत बसा." सगळं शब्दन्‌शब्द खरं आहे आणि त्यातलं काहीही मला त्या दिवशी उपयोगी पडलं नाही. मी ओरडलो. दारावर डोकं आपटलं. मग रडलो, आणि पँट ओली झाली. दार उघडणारे माझ्याच हाताखाली शिकलेले होते. त्यांच्यातल्या एकाने स्वतःचा कोट काढून माझ्या कमरेला बांधला. ते हसले असते तर कदाचित मी दुसऱ्या दिवशी कामावर गेलो असतो.

आधी लिफ्ट सुटली. म्हटलं, जिना आहे की. मग जिन्याच्या वळणावर भिंती जवळ येतात असं वाटायला लागलं. मग बाहेरचा व्हरांडा. आता उंबरठा ओलांडला की मी आपोआप मागे वळतो. गंमत बघा, कोंडून राहायची भीती बसली म्हणून मी स्वतःला घरात कोंडून घेतलं. शहाण्या माणसाला हे समजतं. समजून काय करायचं?

वहीत मी घरातल्या नोंदी देत राहिलो. गेल्या सप्टेंबरात वही आली तेव्हा चष्मेवाल्यांनी माझ्या पानावर लिहिलं होतं, 'लिफ्टवाले, कपबशा पुरे झाल्या. लिफ्टमधलं काहीतरी झणझणीत येऊ द्या.' मला वाटलं, यांना संशय आला. एका बैठकीत किल्ली तयार केली. म्हटलं, सहा जण 'नाही दिसलं' लिहितील, मी 'चुकलं असेल' म्हणेन, विषय संपेल.

आणि पाच जणांनी 'पाहिलं' लिहिलं! दातांच्या डॉक्टरीणबाईंचं घरही तळमजल्यावर आणि दवाखानाही तळमजल्यावर, त्या कुठली लिफ्ट चढल्या देव जाणे. बेकरीवाल्यांनी तर 'चांगली बोटभर झुकते' असं माप दिलं. मी आधी खो-खो हसलो. मग तुमची ओळ वाचली. 'नाही दिसलं. अकरा वेळा पाहिलं.' आणि मग त्यांचे टोमणे, आणि त्याखाली तुमची शेवटची ओळ, 'यापुढे माझी पाळी वगळावी.'

तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो असतो तर पहिला प्रश्न आला असता, 'खोटं का लिहिलंत?' आणि त्याच्या मागोमाग लिफ्ट, कोट, पँट, सगळं बाहेर आलं असतं. माझी अब्रू झाकायला मी तुमचे डोळे घेतले. पाच महिने घेऊन बसलो. मला त्याची लाज वाटते, आणि लाज वाटते एवढं म्हणून ती कमी होत नाही.

तुमचं पोस्टकार्ड हिने जिन्यातच वाचलं. एवढं सगळं एका कार्डावर लिहिलंत, एकही अक्षर दुसऱ्याला चिकटलेलं नाही. हिने ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "आता काय सांगणार आहात? गुडघे?"

मी म्हटलं, "कळवून टाकू, परगावी गेलोय म्हणून."

"कळवा," ती म्हणाली. "पण पेटीत टाकायला दुसरं कुणीतरी बघा. दोन वर्षं शेजाऱ्यांना गुडघ्याचं सांगतेय, ते माझ्या नवऱ्यासाठी. त्या बाईचं दुकान घालवायला मी खोटं बोलणार नाही."

एवढं बोलून ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. तिलाही मी दोन वर्षं चार महिने कुठे नेलेलं नाही, हे माझ्या पहिल्यांदाच लक्षात आलं. स्वतःच्या बायकोच्या बाबतीत हे एवढ्या उशिरा, म्हणजे बघा.

तर ऐका. जे नव्हतं ते तुम्हाला अकरा वेळा दिसलं नाही. पाच जण 'दिसलं' म्हणत असताना दिसलं नाही. सातांच्या वहीत डोळे असलेलं माणूस एकच निघालं आणि त्याच माणसाला आम्ही आंधळं ठरवलं. दुकान देऊ नका. हात जोडतो. माझ्या मेहुणीचं घड्याळ अजून बंदच आहे, ही ते बुधवारी तुमच्याकडे घेऊन येईल. ते ठेवून घ्या.

चष्मेवाल्यांना आणि इतरांना मी आजच लिहितोय, यातलं सगळं, पँटसकट. म्हणजे तुम्हाला रविवारी येण्याची गरज उरत नाही. तुम्ही आला नाहीत तर मला सुटल्यासारखं वाटेल, हेही कबूल करतो. पण वाद एकत्र बघितल्याशिवाय मिटत नाही, आणि मला ती नोंद तुमच्यासमोर खोडायची आहे. तेव्हा या.

शनिवारपासून रोज सकाळी दाराबाहेर जायचा प्रयत्न करतोय. लिफ्टपर्यंत चौदा पावलं आहेत. पहिल्या दिवशी तीन झाली. काल चौदा झाली, बटण दाबलं, लिफ्ट आली, दार उघडलं. आतल्या आरशात एक घामेजलेला म्हातारा दिसला. दार आपोआप बंद होईपर्यंत मी तिथे होतो, मग भिंत धरून घरात आलो. आज परत सातच पावलं झाली. रविवारपर्यंत काय होईल ते सांगता येत नाही आणि मी खोटा भरवसा देणार नाही.

दहा वाजता मी आमच्या चौथ्या मजल्यावर लिफ्टसमोर उभा असेन. एवढं नक्की जमेल. वही आणि पेन हिच्या हातात असेल. तुम्ही वर या, दार धरून ठेवा. मी आत आलो तर वहीत लिहा, आला. दारातून मागे पळालो तर लिहा, पळाला. वेळ घाला, तारीख घाला, माझ्यावर दया म्हणून एक शब्दही वाढवू नका. आणि खाली सही तुमच्या एकटीची करा. या वेळी बाकीच्या पाच जणांना कुणी विचारणार नाही.

तुम्हाला खोटं पाडून खरा म्हणवून घेतलेला,
लिफ्टवाला